डाव्या हाताची वही

तुमच्या तेराव्याला अण्णा भावजी लाडू फोडता फोडता म्हणाले, "सुटला बिचारा. ऑपरेशनपासून सहा वर्षं अर्धाच जगत होता." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तिथूनच म्हणाले, "भावजी, सहा वर्षांत तुम्ही नागपूरहून दोनदा आलात आणि दोन्ही वेळा चौथ्या दिवशी परत गेलात. अर्धा कुठला नि पुरता कुठला, हे तुम्हाला कसं कळलं?" तुमच्या थोरल्या भावांनी हातातला लाडू पानात परत ठेवला. नवऱ्याच्या तेराव्याला बायकोने तोंड उघडू नये असा काही नियम असेल, तर तो कलकत्त्याला अजून पोचलेला नाही.

त्याला आठ दिवस झाले. परवा इथल्या मराठी मंडळाचे चिटणीस आले. पुढच्या अंकासाठी तुमच्यावर चार ओळी हव्यात म्हणाले: जन्मगाव, शिक्षण, नोकरी, पश्चात परिवार. मी सांगितले, पश्चात मी आहे, आणि चार ओळींत माझे भागणार नाही. तर हे लिहिते आहे. त्यांना छापायचे तर छापोत.

खरे म्हणजे मला तुमच्याशीच बोलायचे आहे. तुम्ही गेल्यावर मी एक गोष्ट केली आहे, आणि ती तुम्हाला आवडली नसती. पण ती सांगायची तर सगळे पहिल्यापासून सांगावे लागेल. वाचणाऱ्यांना काहीच ठाऊक नाही, आणि तुम्हाला सगळे ठाऊक असून तुम्ही शेवटपर्यंत कबूल केले नाहीत.

लग्न होऊन मी भवानीपूरच्या या दुसऱ्या मजल्यावर आले, तेव्हा तुम्हाला फिट्स येतात हे मला कोणी सांगितले नव्हते. तिसऱ्या महिन्यात कालीघाटच्या ट्राम थांब्यावर तुम्ही माझ्या शेजारी उभ्याचे आडवे झालात. लोक धावले. एकाने तुमच्या नाकाशी चप्पल धरली, दुसऱ्याने कांदा आणायला सांगितले. मी तुमचे डोके मांडीवर घेऊन रस्त्यात बसले होते आणि मनात माझ्या आईवडिलांना, तुमच्या भावांना, मध्यस्थाला, सगळ्यांना शिव्या घालत होते. शुद्धीवर आल्यावर तुम्ही पहिले काय म्हणालात? "तुझी साडी खराब झाली." त्यानंतर फसवले म्हणून आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही, पण त्या एका वाक्यामुळे माहेरीही गेले नाही.

पुढच्या तीन वर्षांत दुखणे वाढत गेले. गार्डन रीचच्या बाजूला जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात तुम्ही नकाशे काढायचात. तिथे ड्रॉइंग बोर्डाची कड कपाळाला लागून दोनदा टाके पडले. मग दिवसाला तीन-तीन फिट्स येऊ लागल्या. ब्रोमाइडच्या औषधाने तुम्ही दिवसभर पेंगायचात. साहेबांनी सौम्य शब्दांत सांगितले की आता रजा संपत आली. आणि अशात विलायतेहून शिकून आलेल्या डॉक्टरबाबूंचे नाव कोणीतरी सुचवले.

त्यांनी आपल्याला फार सरळ समजावून सांगितले होते, ते मी नाकारत नाही. मेंदूचे दोन भाग असतात, अक्रोडासारखे. मधे दोघांना जोडणारा जाड पट्टा असतो, लाखो तंतूंचा. तुमच्या मेंदूत वणवा एका बाजूला पेटतो आणि त्या पट्ट्यावरून पलीकडे जातो. पट्टा कापला की आग एका बाजूलाच राहील, तुम्ही कोसळणार नाही. तुम्ही त्यांच्याच कागदाच्या मागे दोन अर्धी वर्तुळे आणि मधला पूल काढून दाखवलात, आणि विचारलेत, "पण या पुलावरून आगीखेरीज आणखी काय जातं?"

डॉक्टरबाबू हसले. "परदेशात असे रुग्ण तपासले आहेत. आजवर तरी काही फरक सापडलेला नाही."

घरी येताना जिन्यात तुम्ही म्हणालात, "अगं, इतका जाड पूल कोणी उगाच बांधत नाही." लक्षात ठेवा. पहिली शंका तुमची होती. मी फक्त ती पुढे चालवली.

ऑपरेशन झाले. सुरुवातीचे बरेच दिवस तुम्ही बोललाच नाहीत. डोळे उघडे, पट्टीत गुंडाळलेले डोके, आणि मी तिथल्या स्टुलावर बसून देवाला काय काय कबूल करत होते ते आता सांगत नाही, त्यातले निम्मे मी फेडलेले नाही. मग एका सकाळी तुम्ही स्पष्ट आवाजात म्हणालात, "हा चहा गार आहे." मी इतकी रडले की नर्स धावत आली. फिट्स थांबल्या होत्या. पुढे वर्षात एखाद-दुसरी आली असेल, तीही लहान. हे श्रेय डॉक्टरबाबूंचेच, आणि ते मी कोणालाही काढून घेऊ देणार नाही, मला स्वतःलाही नाही.

घरी सोडण्याआधी त्यांनी तुमची परीक्षा घेतली. वाचून दाखवा, हिशेब करा, डोळे मिटा आणि हातात काय आहे ते सांगा. किल्ली, चमचा, पेन्सिल, तुम्ही धडाधड सगळे सांगितलेत. कागदावर लिहिले गेले की काहीही फरक नाही. त्या कागदावर तुम्हाला नोकरीवर परत घेतले.

आता गंमत बघा. डोळे मिटून हात पुढे करा म्हटल्यावर तुम्ही कुठला हात पुढे केलात? उजवा. दुसऱ्याकडून वस्तू घेताना डावा हात पुढे करणाऱ्या पोराला तुमच्या आणि माझ्या घरी चापट बसत होती. डॉक्टरबाबूंनी किल्ली कुठल्या हाताने दिली, कुठल्या हातात ठेवली? उजव्याने, उजव्यात. तेही आपल्यासारख्याच घरात वाढलेले, त्यांच्या आईनेही तेच शिकवलेले. नर्स तशी, मी तशी. एका खोलीत आम्ही चार संस्कारी माणसे, आणि तुमचा डावा हात मांडीवर पडून होता. त्याला कोणी काही विचारलेच नाही.

तो हात घरी आल्यावर बोलू लागला. उजवा हात सदऱ्याची बटणे लावत जायचा, आणि डावा मागोमाग सोडत यायचा. उजव्याने वर्तमानपत्राचे पान धरलेले, आणि डाव्याने ते मिटून बाजूला ठेवलेले. तुम्ही उजव्या हाताने डाव्याचे मनगट पकडून मांडीवर दाबून ठेवायचात आणि माझ्याकडे बघायचात. मी पाहिले नाही असे दाखवायचे. थोड्या महिन्यांत ते कमी झाले. अण्णा भावजी नेमके त्याच काळात आले होते, आणि "डाव्या हातात कोणीतरी शिरलंय" ही बातमी घेऊन नागपूरला गेले.

मला खरे कळले ते अडकित्त्यामुळे. लग्नानंतर आपला खेळ होता. तुमच्या पाठीमागे मी हातात काहीतरी द्यायची आणि म्हणायची, ओळखा पाहू. कधी पेरू, कधी माहेरचे पत्र. त्या दिवशी तुम्ही जेवत होतात. उजवा हात उष्टा. म्हणून मी मागून येऊन अडकित्ता तुमच्या डाव्या हातात ठेवला.

"ओळखा पाहू."

तुम्ही म्हणालात, "पेन."

"नीट बघा, म्हणजे नीट चाचपा."

"पेनच आहे. नाहीतर फूटपट्टी."

तुम्ही चेष्टा करत नव्हतात, मान वळवून बोललात तेव्हा तुमचा चेहरा मला दिसत होता. आणि त्याच वेळी पाठीमागे तुमच्या डाव्या हाताने अडकित्ता बरोबर फिरवून घेतला होता, दांडे बोटांत धरले होते, आणि सुपारी कातरावी तसा तो उघडमीट करत होता. हाताला माहीत होते आणि तोंडाला माहीत नव्हते. मग पात्याचा कट्ट आवाज झाला, आणि लगेच तुम्ही म्हणालात, "हात्तिच्या, अडकित्ता!" आणि भात कालवायला लागलात.

मी मॅट्रिक झालेली बाई. शरीरशास्त्रातले मला ओ की ठो कळत नव्हते. पण त्या दिवशी मी दोनशे पानांची वही आणली आणि पहिल्या पानावर अडकित्ता लिहिला.

तुमच्या डोळ्यांवर उपरणे बांधून मी तुम्हाला किती छळले ते आठवते ना? तुम्हाला वाटायचे, खेळ आहे. फणी डाव्या हातात दिली की तोंड म्हणे, माहीत नाही. मग अंगठा दातांवरून फिरे, खर्र आवाज येई, आणि तोंड म्हणे फणी. लिंबू दिले तर हात ते नाकाशी नेई. कापूस दिला की मात्र सगळे ठप्प, कारण कापसाला ना आवाज ना वास. पुढे तुम्ही त्यावरही वाट काढलीत. तोंड एकेक नाव घ्यायचे, लोकर, कणीक, पीस. नाव चुकले की तुमच्या कपाळाला आठी पडायची, आणि आठी पडली की तोंड नाव बदलायचे. कापूस म्हटले की कपाळ मोकळे. ती आठी कोण पाडत होते? तुम्ही म्हणायचात, "मला काही कळत नाही, आपोआप सुचतं." मी लिहून ठेवायची.

आतला रस्ता कापला होता. तर तुमच्या दोन बाजू एकमेकींना बाहेरून निरोप पाठवायला शिकल्या. टेबलावर टिचकी मारून, नखाने खरवडून, कपाळावर आठी घालून. एका घरात अबोला धरलेल्या दोन जावा भांडी आपटून एकमेकींना सांगतात ना की स्वयंपाक झाला, तसे. हसू नका. तुमच्या घरच्या जावांकडूनच शिकले मी ते.

मला ते थोर वाटत होते आणि भीतीही वाटत होती. शेवटी मी वही घेऊन डॉक्टरबाबूंकडे गेले आणि सगळे सांगितले. त्यांनी दोघांना बोलावले. आणि त्या दिवसावरून आपण जे भांडलो ते मिटलेच नाही.

त्यांनी तुमचे डोळे मिटवले आणि माझ्या सांगण्यावरून वस्तू डाव्या हातात दिली. पेन दिले. तुम्ही ते टेबलावर टकटक केलेत आणि म्हणालात, फाउंटन पेन. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला, किल्ल्या. रुपया जमिनीवर पडला, रुपया. घड्याळ तर तुम्ही सरळ कानाशी नेलेत. मी ओरडले, "आवाज करू देऊ नका त्यांना!" डॉक्टरबाबूंनी माझ्याकडे असे पाहिले की त्यापेक्षा रागावले असते तर बरे. "नवऱ्याचं मोठं दुखणं काढलंत," ते हळुवारपणे म्हणाले. "आता विश्रांती तुम्हाला हवी." आणि मला झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. मला!

परतताना ट्राममध्ये मी धुमसत होते.

"तुम्ही मुद्दाम आवाज केलात."

"मी नाही केला."

"मग कोणी केला?"

तुम्ही हाजऱ्याच्या थांब्यापर्यंत तिकिटाची घडी घालत राहिलात. मग म्हणालात, "मी नाही केला. आणि केला असला तरी मीच केला."

मला तेव्हा ही शुद्ध लबाडी वाटली. मी म्हणाले, हे पुढच्या रोग्यांसाठी सांगायला हवे, फरक पडत नाही म्हणतात ते खरे नाही. तुम्ही म्हणालात, "तुझी ती वही ऑफिसात गेली तर उद्या माझा बोर्ड दुसऱ्याला देतील. दोन माणसं एका पगारावर कोण ठेवील? आणि तू मला दोन माणसं करून मांडतेस. मी एक आहे. टिचकी मारणारा मी, ऐकणारा मी. तू मधे उभी राहून मोजत बसू नकोस. वही जाळ."

मी नाही जाळली. तांदळाच्या डब्याखाली ठेवली, आणि लिहीत राहिले. पुढची पाच वर्षे तुम्ही महिन्यातून एकदा तरी विचारायचात, "जाळलीस?" मी म्हणायची, "कोळसा ओला आहे." जायच्या आदल्या महिन्यात मात्र तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "माझ्यामागे ती कोणाच्या हाती लागता कामा नये." मी तांदूळ निवडत होते. हो म्हटले नाही आणि नाही पण म्हटले नाही. वाटले, सवडीने भांडू. तुम्ही दुपारी बोर्डापाशी उभ्या उभ्या हृदय बंद पडून गेलात. फिट नव्हे. डोके शेवटपर्यंत ठीक होते, दोन्ही बाजूंनी. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात डॉक्टरबाबू समाचाराला आले. बराच वेळ चहा ढवळत बसले. मग म्हणाले, परदेशात मांजरांवर प्रयोग होताहेत. नजरेचे धागे वेगळे करून मधला पट्टाही कापला की मांजर एका डोळ्याने जे शिकते, ते दुसऱ्या डोळ्याला ठाऊकच नसते. "तुम्ही त्या वेळी एक वही आणली होती," ते म्हणाले. "मी ती उघडूनसुद्धा पाहिली नाही. चूक झाली. मला ती मिळेल का?"

पाच वर्षे मी या वाक्याची वाट पाहिली होती. ते माझ्यासमोर ठेवले गेले तेव्हा तुम्ही भिंतीवरच्या तसबिरीत हार घालून बसलेले.

मी विचारले, "आत्ताच का हवी?"

मग त्यांनी सांगितले. डमडमला एक मुलगी आहे, रेणू, वीस वर्षांची. दिवसाला सहा-सहा फिट्स. ऑपरेशन तेच. तारीख जवळ आली आहे, आणि मुलीची आई विचारते की नंतर ही आमचीच रेणू राहील ना. "तिला आजवर मी जे सांगत आलो, ते आता सांगायला जीभ रेटत नाही," ते म्हणाले.

मी म्हणाले, विचार करून कळवते. ते गेल्यावर डबा सरकवून वही काढली. ऑफिसातल्या बोर्डाची भीती आता उरली नव्हती. पण तुमचा शब्द होता. वही दिली तर तुम्ही कागदावर कायमचे दोन होणार, कुठल्या तरी परिषदेत अनोळखी लोक तुमच्या आठीवर चर्चा करणार. नाही दिली तर त्या मुलीच्या घरचे अडकित्त्याच्या वेळी मी घाबरले तसे एकटे घाबरणार, आणि त्यांनी सांगितले तर त्यांनाही झोपेच्या गोळ्या मिळणार. बघावे तरी काय काय लिहिले आहे म्हणून मी पहिले पान उघडले.

समासात तुमचे अक्षर होते. बारीक, टोकदार पेन्सिलीने, नकाशावर लिहिता तसे.

तुम्ही ती वाचत होतात! माझ्या मागे, तांदळाच्या डब्याखालून काढून, आणि पुन्हा जागच्या जागी ठेवून. लिंबाच्या पानावर लिहिले होते, "चूक. त्या दिवशी मला सर्दी होती, वास येत नव्हता. लिंबू सालीवरून ओळखले." फणीच्या पानावर, "दात मोजून सांगितले असते, हिने वेळ दिला नाही." बटणांच्या पानावर, "हे रोज होत नसे. अतिशयोक्ती." मी आधी संतापले, मग हसले, मग जिन्यातून शेजारच्या बोउदी, म्हणजे बंगाली वहिनी, विचारायला आल्या की काय झाले. आणि पुढे एका पानावर, ज्यात तुमच्या डाव्या हाताने झोपेत माझा पदर घट्ट धरून ठेवल्याचे मी लिहिले होते आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही ते साफ नाकारल्याचेही, तिथे तुम्ही लिहिले होते, "मला आठवत नाही. पण ही खोटे लिहीत नाही."

अहो, हे तोंडाने सांगायला काय झाले होते? मी तुम्हाला लबाड समजत राहिले, तुम्ही मला चौकशी करणारी समजत राहिलात, आणि एकाच वहीत दोघे लिहीत होतो. इतके प्रामाणिक होतात तर डॉक्टरबाबूंपुढे माझी मान खाली का घालायला लावलीत? यासाठी मी तुम्हाला अजून माफ केलेले नाही. आणि ज्या धीराने तुम्ही रोज सकाळी स्वतःला बटणापासून जुळवून घेऊन गार्डन रीचची बस पकडायचात, त्याबद्दल तुमचे पाय धरायला हवे होते, तेही केले नाही. दोन्ही राहून गेले.

समासात कुठेही लिहिलेले नव्हते की वही दे. मी शोधले. खोटे का बोलू, दोनदा शोधले. जाळ म्हणूनही लिहिलेले नव्हते. तेव्हा तुमच्या नावावर काहीही ढकलायची सोय नाही. जे केले ते मी केले.

काल मी सियालदहहून गाडीने डमडमला गेले. डॉक्टरबाबूंना वही देण्याआधी जिचे डोके आहे तिने ती ऐकायला हवी, असे मी त्यांना कळवले होते. फाळणीत पलीकडून आलेले घर, पत्र्याचे छप्पर, पडवीत शिवणयंत्र. रेणूच्या कपाळावर तुमच्यासारख्याच खुणा. माझ्या मोडक्यातोडक्या बंगालीत मी पानापानाने वाचून दाखवले, तुमच्या समासासकट. आई पदराने डोळे पुसत होती. मुलगी रडली नाही. तिने कामाचे विचारले.

"दीदी, मशीन चालवता येईल मला? एका हातानं चाक, दुसऱ्यानं कापड?"

मी वहीतलेच सांगितले. "जुनं शिकलेलं राहतं. ते बोर्डावर पहिल्या महिन्यापासून दोन्ही हातांनी काम करत होते. पण नवीन काही दोन्ही हातांनी शिकायला फार जड जायचं. बुटाच्या लेसची नवी गाठ त्यांना कधी जमली नाही."

"म्हणजे जे शिकायचं ते आधी शिकून घ्यायचं."

"हो."

ती आईकडे वळली. "मग डॉक्टरबाबूंना सांग, दुर्गापूजेपर्यंत थांबा. मला अजून ब्लाउज शिवता येत नाही." आई म्हणाली, फिट्स? ती म्हणाली, "इतकी वर्षं काढली, अजून चार महिने काढीन." सांगा मला, ही माहिती तिला कोण देणार होते? मांजरे?

मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली. आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "एक विचारू? ऑपरेशननंतर ते तुमच्याशी भांडायचे?"

"रोज," मी म्हणाले.

"पहिल्यासारखेच?"

"पहिल्यापेक्षा जास्त. या वहीवरून तर पाच वर्षं."

ती हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा तिचा चेहरा सुटला. "मग मी मीच राहीन," ती म्हणाली.

आज सकाळी वही डॉक्टरबाबूंच्या हातात ठेवली. पहिल्या पानावर मी एवढेच लिहून दिले आहे की यातला माणूस एक होता, आणि समास वाचल्याशिवाय बाकीचे कोणी वाचू नये. तुम्ही नको म्हणाला होतात. मी ऐकले नाही. चूक वाटत असेल तर या, आणि भांडा माझ्याशी.